परवाचा कुपा

फळं नको शेठ, खरंच नको — नाय, राग नाय, तुमच्यावर कसला राग करू — आनि माफी तर मागूच नका, भर मच्छी मार्केटात माज्यापुढं हात जोडता, बाजूच्या बायका बगतात. बरे हायत आमचे हे. मंगळवारी घरी आनले दवाखान्यातून. ताकभात खातात, दारात खुर्ची टाकून बसतात. काय म्हनालात? तुमच्या किचनमधी चुकलं काय तरी? सुरी नीट धुतली नसंल? असं नका म्हनू. हॉटेलातलं ते कच्च्या माशाचं काउंटर तुमी बंद केलंत, कळलं मला, खारघरचं गिऱ्हाईक येतं ना इथं, ते सांगत होतं — काय? त्या दार्जिलिंगच्या आचाऱ्याला पन काढलं? कवा? — थांबा. बसा इथं पाटावर. बसा म्हनते ना.

त्या आचाऱ्याची चूक नाय, शेठ. मासा माजा होता. हो, माहीत हाय मासा माजाच होता, रोज मीच देते — तसं नाय. तो कुपा, तुमी त्याला टूना म्हनता, तो त्या दिवशीचा नव्हता. परवाचा होता. त्या सकाळी होड्यांना काय लागलंच नाय, आनि तुमचा फोन, गुणामावशी आज कुपा पायजेच, मोठी मानसं येनार. माज्याकडं एक बर्फात पडलेला. अंग चकचकीत, डोळा मातर बसलेला. मी डोकं उडवलं, कल्ले काढले, तुकडे करून दिले. डोकं नसलं की मासा बोलत नाय. वाटलं, मसाल्यात शिजला की कोनाला कळतंय. कच्चा खातात हे मला काय ठाऊक, आमच्या कोळीवाड्यात कोन खातंय कच्चा —

नाय. खोटं बोलले. ठाऊक होतं. तुमीच सांगितलं होतं एकदा, इथंच उभं राहून, मावशी आमी कच्चा वाढतो, म्हनून जपून द्या. मी हसले होते तेव्हा. हसले, पन ऐकलं होतं.

आनि त्याच संध्याकाळी तुमी आमाला जेवायला बोलवलंत. लग्नाला पस्तीस वर्सं झाली म्हनून. कोनी बोलवतं का हो मासळीवालीला? मी हिरवं लुगडं नेसले, त्यांनी पांढरा सदरा घातला, रिक्षात बसल्यावर मला बोलले, गुणे, आज तू नुसतं बसायचं, वाढायचं नाय. काचेच्या दारातून आत गेलो, तुमी उठून उभे राहिलात. दयारामकाका, दयारामकाका करत सगळ्यांना सांगितलंत, आपला मासा देतात ते हेच. मला सुख वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग तुमी ते लांब ताट आनून ठेवलंत, त्यात लाल लाल कापं, पातळ, पानासारखी लावलेली. तुमी बोललात, हा मान तुमचा, तुमचाच मासा.

मी बगितलं नि वळखलं. आपल्या हातचा तुकडा वळखत नाय का बाई. मी बोलले, माजा आज उपास हाय. तुमी हसलात, मग काकांना दोघांचं खायला लागेल. आनि त्यांनी पहिलं काप उचललं — मी तिथंच बसलेली, शेठ. हात धरता आला असता. तुमी समोर, सगळी बगतायत, मी तोंड उघडलं नाय. त्यांनी काप जिभेवर ठेवलं. वाईच थांबले. माज्याकडं एकदा बगितलं, आनि गिळलं. चाळीस वर्सं दर्यावर गेलेला मानूस तो, शिळा मासा कळायला त्याला चावायची पन गरज नाय.

मला वाटलं, मान राखायला एखादं खातील नि ठेवतील. तर सगळं ताट संपवलं. मग तुमाला काय विचारलं, आठवतं का? अजून किती हाय आत? तुमी बोललात, दोनच ताटं लावलीत, दुसरं त्या टेबलाचं. तिथं ती जोडी बसलेली, पोरगी पोटुशी, सातवा असंल, पाठीला उशी लावलेली. आचारी ताट घेऊन निघाला होता तिकडं. तर हे उठले, आयुष्यात कुनाकडं काय मागितलं नाय ते उठले, आनि बोलले, ते पन मलाच द्या, त्यांना दुसरं काय तरी गरम करून द्या. मला एवढी लाज वाटली, मी मागून त्यांचा सदरा ओढला, हावरटासारखं काय करता म्हनून. तुमाला वाटलं आवडलं काकांना. तुमी फोटो पन काढलात.

घरी पोचायच्या आधीच रिक्षात तोंड लालबुंद. छाती धडधडतेय म्हनाले, मग उलट्या. दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं काय खाल्लंत, तर हे म्हनतात, मीच सकाळी घरी शिळं कालवन खाल्लं. तुमचं नाव घेतलं नाय, माजं पन नाय. डॉक्टर गेल्यावर मी पाया पडले — कळलं होतं तर खाल्लंत कशाला, एक खाऊन ठेवायचं होतं. सलाईन लावलेला हात हलवत नव्हते. डोळे मिटूनच बोलले,

"त्या पोरीच्या पोटात पोर होतं, गुणे."

तेवढंच. शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं तरी चाललं असतं मला. सकाळी मी टोपली उचलते तर बसल्या जागेवरून बगतात फक्त. मी विचारलं, शेठकडं जाऊन सांगू का? तर म्हनाले, तुजं तू बग. आठ दिवस झाले. बगत होते मी. तुमी आज आला नसता तर अजून बगतच राहिले असते, तो आचारी गेला गावाला तरी.

त्याला परत बोलवा. माजं नाव सांगा त्याला, सगळ्यांना सांगा. या मार्केटात सांगितलंत तरी मी नाय म्हननार नाय.

उठलात? ती फळं पन उचला, शेठ.

— बरं. जावा तुमी. जावा, मला पानी मारायचंय ओट्यावर.