कोणी घ्यायला आलं नाही, तर?

शाळेच्या कचेरीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची सून बसल्या होत्या. शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळायच्या कामासाठी सासूची मुलाखत होती, आणि सून तिच्याकडून इंग्रजी शब्दांची उजळणी करून घेत होती.

“आई, मुलाला घरून घ्यायचं?”

“पिक अप.”

“घरी सोडायचं?”

“ड्रॉप ऑफ. पण मी सोडत नाही गं, आईच्या हातात देते.”

“बरं, द्या. आणि घ्यायला कोणीच आलं नसेल, तर मुलाला शाळेत परत न्यायचं?”

“भलतंच! भुकेलं पोर पुन्हा तासभर बसमध्ये?”

“टेक बॅक, आई! नियम आहे त्यांचा. मागच्या वेळी मुलाखतीत इथेच अडलात आणि नोकरी हुकली.”

“टेक बॅक, टेक बॅक. यंदा नाही चुकणार बाई. घरात बसून जीव नुसता आंबलाय.”

आतून हाक आली. सासू आत गेली, दार अर्धवट उघडं राहिलं.

“आजी, कोणी घ्यायला आलं नाही, तर? इंग्रजीत सांगा.”

“आय... टेक होम.”

“कोणाच्या?”

“माय होम.”

“अरे देवा,” सून पुटपुटली.

“तसं नाही चालणार, आजी. मूल शाळेतच परत आणायचं.”

“आणते. पण त्याची आई येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसणार. हाकललंत तरी उठणार नाही.”

आत कोणीतरी हसलं.

“सोमवारी सकाळी साडेसहाला या.”

सुनेने लगेच फोन लावला. “अहो, आई लागल्या कामाला! हो, खरंच. आणि ऐका, साडेपाचचा गजर तुमच्या फोनवर लावायचा, माझ्या नाही.”