दिव्याभोवतीचं कडं

पुढे सरका मंडळी. मागच्यांना ऐकू येत नाही म्हणतात, आणि इथं जागा मोकळी. पंगतीत मात्र पहिल्या रांगेसाठी धावता! सरकलात? मग आता एक विचारते. माणसानं दिवस चोख वाटून घेतला, कुणाचं काही बुडवलं नाही, घरात कधी आवाजसुद्धा चढवला नाही — अशा माणसाच्या हातून पाप घडेल का? लगेच माना हलवू नका. ऐका आधी.

फार मागची गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात दत्ताराम मास्तर होते. तेव्हा वीज पोस्टाच्या खांबापर्यंतच आली होती, घरात कंदीलच. संध्याकाळ झाली की घरोघर राखेनं काचा पुसायचं काम चाले. आज त्या राखेचा वास कुणाला आठवतो का हो? मला आठवतो. असो.

मास्तर शिकवायचे उत्तम आणि लिहायचेही उत्तम. सुट्टीत हिंडून आले की प्रवासाचे लेख, एरवी रोजच्या साध्या गोष्टींवरचे. लोक विचारत, "मास्तर, शाळा, लिखाण, फिरणं, व्याख्यानं… एवढं जमतं कसं?" मास्तर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवत. पहाटे लेखन, मग शाळा, संध्याकाळी ओट्यावर चिंतन, सुट्टीत प्रवास. त्यात बायकोचा तास कुठला, हे कुणी विचारलं नाही. — हसताय? घरी जाऊन आपापली भिंत बघा.

बायकोचं नाव मथुरा. मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, छापखान्यात कुणाला लागत नसे. म्हणून प्रत्येक लेख मथुराबाई सुवाच्य अक्षरात उतरवून काढत आणि ती प्रत मासिकाकडे जाई. कधी? स्वयंपाक आवरल्यावर, कंदील जवळ ओढून.

एका संध्याकाळी मास्तर ओट्यावर बसले होते. मथुराबाई कंदील घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"अहो, या दिव्याभोवती मला कडं दिसतं. रंगीत. इंद्रधनुष्यासारखं."

मास्तरांनी मान वर केली. "काय म्हणालीस? पुन्हा सांग बघू."

त्या बिचारीला वाटलं, नवरा ऐकतोय. "कडं दिसतं. आणि मग कपाळ ठणकतं. इथं, भुवईवर."

"कपाळाचं राहू दे. कडं कसं आहे? आतून निळं की तांबडं?"

मथुराबाईंनी दिव्याकडे पुन्हा पाहिलं. "आतून निळं. बाहेर तांबडं."

"मथे, लिहायला तू हवी होतीस," मास्तर म्हणाले आणि पेन आणायला आत गेले.

सदूभाऊ, पेटी थांबवा जरा. इथं सूर नको.

तो लेख गाजला, मंडळी. साध्या गृहिणीला कंदिलात इंद्रधनुष्य दिसतं, कारण तिचं मन तृप्त असतं — असं मास्तरांनी लिहिलं. वाचकांची पत्रं आली, गावोगावची बोलावणी आली. आणि त्या लेखाची सुवाच्य प्रत कुणी काढली? मथुराबाईंनी. आपलंच दुखणं, आपल्याच वळणदार अक्षरात. कपाळाचं वाक्य मात्र त्यात नव्हतं.

पुढे भातात खडे यायला लागले. "घराचा पाया घालायचाय का आज?" मास्तर थट्टा करत. चहा कपाबाहेर सांडू लागला. प्रत काढताना एक ओळ दुसरीच्या पाठीवर चढू लागली. "हल्ली लक्ष नसतं हं तुझं," मास्तर म्हणत. तेही मऊ आवाजात, रागावून नव्हे.

शेजारची चंद्राकाकू म्हणाली, "बायो, डोळे दाखव कुणाला तरी. काल माझ्या अंगावर आलीस सरळ."

"यांचं पुस्तक निघतंय, काकू. तेवढं होऊ दे."

पुस्तक निघालं. मास्तर कोल्हापूरला व्याख्यानाला गेले आणि तिथं त्यांनी तोच लेख वाचला. टाळ्या पडल्या. गर्दी पांगल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. डोळ्यांचे डॉक्टर होते.

"मास्तर, ते कडं तुम्हाला दिसलं?"

"छे, आमच्या मंडळींना," मास्तर हसून म्हणाले.

"तेव्हा त्यांचं डोकं दुखायचं?"

मास्तरांचं हसू होतं तिथंच राहिलं. "कपाळ… म्हणाली होती खरं."

"किती दिवस झाले याला?"

"दोन पावसाळे झाले."

डॉक्टरांनी हातातलं पुस्तक मिटलं. "हा काचबिंदू असावा. नजर कडेकडेनं खात आत येतो. गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली राखता आली तर बघायची. घेऊन या त्यांना. उशीर करू नका."

पुढची व्याख्यानं टाकून मास्तर मिळेल त्या एस.टी.नं घरी धावले. मथुराबाईंना कोल्हापूरला आणलं. तपासणी झाली. एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्यात नळीतून पाहावं एवढंच उरलं होतं. शस्त्रक्रिया केली, पण तेवढंही टिकलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर मास्तर म्हणाले, "अगं, मला सांगायचं नाहीस का?"

मथुराबाईंनी आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं, जरा चुकीच्याच बाजूला.

"सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेतलंत."

टोचून नाही म्हणाल्या. टोचून म्हणाल्या असत्या तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं.

मास्तर पुढेही शिकवत राहिले, लिहीत राहिले. लिहिलेलं आधी मथुराबाईंना वाचून दाखवत. त्या शांत ऐकत आणि म्हणत, "छान झालंय." पण आपल्याला काय होतंय, काय दुखतंय, हे त्या बाईनं मरेपर्यंत नवऱ्याला पुन्हा कधी सांगितलं नाही. थंडी वाजते, एवढंही नाही. मास्तर दिवसातून किती वेळा विचारायचे! "काही नाही हो," म्हणायच्या.

दत्ताराम मास्तर वाईट नव्हते, मंडळी. तुम्हीही नाही. पण आज घरातून निघताना कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगत होतं. तुम्ही चपला घालत होतात. काय सांगत होतं?

आरती आज थोडक्यात करू. ज्याला आठवत नसेल, तो आरतीला न थांबता घरी गेला तरी देव रागावणार नाही.