विजयमाला मॅडमना मिळालेलं मार्गदर्शन

अध्यक्षस्थानी बसलेले प्राचार्य सोमेश्वर सर, स्टेजवरचे आमचे विभागप्रमुख त्रिंबक सर, आजच्या सत्कारमूर्ती विजयमाला मॅडम, आणि समोर बसलेले सगळे सहकारी, जय भीम!

मी इंग्लिश मीडियमची. मराठीत भाषण पहिल्यांदाच करतेय. पण मॅडमचा निरोप म्हटल्यावर माईक मीच मागून घेतला.

मॅडम बॉटनी शिकवतात, माझ्यासारख्याच करारावर. परळीच्या वीज केंद्राची राख पानावर बसली की झाड कसं गुदमरतं, यावर त्यांची पीएच.डी. आपल्या विभागात एवढं काम आणखी कुणी केलंय? हात वर करा. बरं, राहू द्या.

आपल्याकडं अल्पसंख्याक प्राध्यापकांसाठी किती छान योजना आहे! बौद्ध असो, मुस्लिम असो, प्रत्येकाला एक सीनियर मेंटॉर. मॅडमना आणि मला त्रिंबक सर मिळाले. मॅडमची कायम जागेची मुलाखत लागली, तेव्हा सरांनी आम्हा दोघींना घरी चहाला बोलावलं.

"मॅडम, ती राख काहून काढताय मुलाखतीत? कमिटीला लई कंटाळा येतो. आईबापाचं सांगा. ऊसतोड, कोपीतलं राहणं, समदं. लोकं रडली पायजेत."

"पण सर, पोस्ट तर शिकवायची आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"माझ्यावर विश्वास न्हाई का?"

होता हो विश्वास. मॅडमनी आईबाप सांगितले. कमिटीत सर स्वतःच बसलेले. शेवटी त्यांनीच विचारलं, "ते ठीक हाय, पण संशोधन काय?" मॅडम तोंड उघडणार, तर म्हणाले, "वेळ संपला."

हे मला मॅडमनी नाही सांगितलं. सरांनीच स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलं. "रडून नोकरी भेटती का बे?"

सर, तेव्हा सगळे हसले होते. आता का नाही हसत?

मॅडम आता लातूरला क्लासेसमध्ये शिकवणार. शाल छान दिसतेय, मॅडम. सरांच्याच हस्ते मिळाली.

दुसऱ्या जागेची मुलाखत सोमवारी आहे. उमेदवार मी, कमिटीत परत सर. परवा मला परत चहा पाजला. "तुमच्या वडलांची काही स्टोरी हाय का?"

सर, माझे वडील बँकेत मॅनेजर आहेत. स्टोरी नाही. संशोधन आहे. सोमवारी पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारा. इथं बसलेले सगळे साक्षीदार आहेत. आणि मला नाही घेतलं, तर माझ्या निरोपाला शाल घेऊन पुढं येऊ नका.

प्राचार्य सर, बोलू दिलंत, मनापासून आभार. माझ्या मराठीत काही चुकलं असेल तर सगळ्यांनी माफ करा. बाकी जे बोलले, ते चुकून नाही बोलले.