सर्व्हिसिंगचे एवढे कसे?

आमचं मूळ आक्षीच्या कोळीवाड्यातलं, तिथंच जन्म, तिथंच वाढलो, बाबाची होडी व्हती, त्याच्या आधी आज्याची व्हती, म्हंजे मी पन होडीवरच जायाचा, त्यात विचारायचं काय व्हतं, पन मला बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागते हे ऐकून तुमी हसताय, हसा, सगळा कोळीवाडा हसला. किनारा दिसेनासा झाला की पोटात ढवळायचं, मग जाळं कोन ओढतो आनि मासळी कोन निवडतो, मी आपला कडेला आडवा. बाबानं तीन वर्सं वाट बघितली, बोलला सवय होईल, झाली न्हाय. पन होडीचं इंजिन बिघडलं की हाक मलाच, वाळूत बसून मी ते सगळं खोलायचो, पुसायचो, परत लावायचो, आनि ते चालू व्हायचं. मग एक दिवस बाबाच बोलला, दत्ता, तुझा हात चांगला हाय, तू जमिनीवरच राहा. वाईट वाटलं असनार त्याला, एकुलता एक मी, पन बोलून दाखवलं न्हाय कधी.

अलिबागला एक उस्ताद व्हते, मोटरसायकलीवाले, त्यांच्याकडे सात वर्सं काढली. उस्तादांची एक पद्धत व्हती, ती मी आजपन सोडली न्हाय. गाडीचा कुठलाबी पार्ट बदलला की जुना पार्ट पेपरात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, त्यानं मागू दे न्हायतर न मागू दे. उस्ताद बोलायचे, त्याला गाडीतलं काय समजत न्हाय, पन जुनं लोखंड हातात आलं की समजतं आपले पैसे कुठं गेले. बरेच जन दारातच फेकून देतात ते, माझी मंडळी, बायको हो, बोलते तुझ्या गॅरेजपुढं भंगाराचा ढीग बघ. असू दे बोलतो मी.

तर नागावच्या रस्त्याला हे गॅरेज टाकलं त्याला आता सव्वीस वर्सं झाली. टाकलं तेव्हाच बोरिंग मारलं, पानी कसं गोड, आजूबाजूच्या बायका हंडे घेऊन यायच्या. आनि पहिल्या दिवसापासून एकच सवाल ऐकतोय, दत्ताराम, सर्व्हिसिंगचे एवढे कसे? पेनला कमी घेतात, पनवेलला तर फळ्यावर रेट लिवलेला असतो. काय सांगू तुमाला, पेनला बोल्ट नुसता पाना लावला की सुटतो हो. इथं आमच्याकडं खारी हवा, बोल्ट गंजून बसतो, त्याला आधी डिझेल पाजायचं, मग शेकवायचा, मग ठोकायचा, आनि तरीबी तो मोडतोच, मग ड्रिलनं कोरून काढायचा. वीस मिनिटाच्या कामाला दोन तास जातात. ते दोन तास कुठल्या फळ्यावर लिवू मी? खारी हवा, खारी हवा, हे बोलून बोलून माझी जीभ झिजली.

आता गुरुजींचं सांगतो. गुरुजींनी मला चौथीला शिकवलेलं, नागावात त्यांची वाडी, नारळ हायेत, पोफळी हायेत, पोरांनी मागं पावन्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. वय आता अठ्ठ्याहत्तर, पन स्कूटर सोडत न्हायत. दर दोन महिन्यांनी गाडी माझ्याकडं, अगदी नेमानं, असं गिऱ्हाईक मिळत न्हाय. दोन वर्सांमागं, होळी होऊन गेलेली, ऊन तापायला लागलेलं, सकाळी सकाळी गुरुजी आले ते बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन. स्टुलावर बसले, जमिनीवर पेपर पसरला आनि डबा ओतला. बघतो तर काय, मी वर्सभरात त्यांच्या हातात दिलेले सगळे जुने पार्ट. स्टँडची स्प्रिंग, ब्रेकची केबल, सायलेन्सरचे मोडके बोल्ट, आनि प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, त्यावर तारीख. शिक्षक मानूस तो.

बोलले, दत्ताराम, माझ्या शेजाऱ्याची गाडी गोठ्यात पडलेली असते, वर्षभर तिला कोणी हात लावत नाही, तिचा एक बोल्ट गंजलेला नाही. मी दोन महिन्यांनी तुझ्याकडे आणतो, तू सांगशील ते पैसे देतो, आणि माझी गाडी सडते. हे कसं काय? मी आपलं नेहमीचं बोललो, गुरुजी, खारी हवा. ते बोलले, हवा त्याची आणि माझी एकच आहे रे.

तेव्हा तिथं चार गिऱ्हाइकं उभी व्हती. एक हसला. माझं डोकंच फिरलं. तोवर चोवीस वर्सं धंदा केलेला, कोनाचा पार्ट न बदलता बदलला बोललो न्हाय, आनि माझ्याच शिक्षकानं चार लोकांपुढं मला लुटारू ठरवावं? मी बोललो, गुरुजी, आज इथून उठायचं न्हाय, माझं सगळं काम डोळ्यांनी बघायचं, आनि शेवटी तुमीच सांगायचं काय योग्य हाय ते. तुमी बोललात की दत्तारामनं लुटलं, तर हे गॅरेज मी आजच बंद करतो, पुन्हा पाना हातात घेनार न्हाय. रागात बोललो, पन बोललो ते बोललो, शब्द मागं कसा घेनार?

गुरुजी बसले. छत्री उघडून बसले, कारन पत्र्याखाली ऊन तिरपं येतं. सायलेन्सरचा बोल्ट निघता निघेना. डिझेल पाजलं, शेकवला, ठोकला, घामानं डोळे भरले, शेवटी मोडलाच, मग ड्रिल घेऊन इतकं इतकं कोरत बसलो. चार गिऱ्हाइकं कधीच निघून गेली. गुरुजी मात्र हालले न्हायत, पाठ थोपटल्यासारखे मधेच बोलले, अरे, हे एवढं असतं होय. आनि दुपार व्हायच्या आत स्वतःच बोलले, दत्ताराम, पैसे मेहनतीचे आहेत तुझे, मी चुकलो. असं वाटलं बघा, छाती भरून आली. मी बोललो, आता वॉशिंग पन बघा गुरुजी, तेबी काय साधं न्हाय, आनि पंप चालू केला. पान्याची धार सोडली गाडीवर, आत, खाली, सगळीकडं.

गुरुजींना गरम झालेलं, ते उठले, पाइपाखाली हात धरले, तोंडावर पानी मारलं, चूळ भरली आनि थुंकले. बोलले, दत्ताराम, हे पाणी तू कधी चाखलंस का?

मी चाखलं. मचूळ. साधंसुधं मचूळ न्हाय, खारंच, जिभेला चावनारं. काय सांगू तुमाला, त्या क्षनाला मला होडीवर तोंडात उडायचं त्या दर्याच्या पान्याची आठवन झाली. प्यायचं पानी मी घरून आनतो, चहा बाजूच्या टपरीवरचा, बोरिंगचं पानी तोंडात घालायचा प्रसंगच न्हवता. बायका हंडे घेऊन यायच्या त्या नळ आल्यावर बंद झाल्या, मला वाटलं नळामुळं. हाताला साबन लागत न्हवता, फेसच येत न्हवता, तर मी मंडळीवर ओरडायचो की भिकार साबन आनतेस. गेल्या काही वर्सांत रस्त्याला सगळीकडं खोल्या झाल्या, प्रत्येकानं बोरिंग मारलं, कोनी पोहायचे हौद बांधले, गोडं पानी उपसलं गेलं आनि मागून दर्या आत आला. सगळ्यांना म्हाईत, मला सोडून. म्हंजे जे गिऱ्हाईक नेमानं आलं, त्याच्याच गाडीवर मी नेमानं खारं पानी मारलं, तेबी पैसे घेऊन. आनि वर सांगायचो, खारी हवा.

गुरुजींनी गॅरेज बंद करायचा शब्द मागितला न्हाय, टोमना मारला न्हाय, छत्री मिटली आनि बोलले, गाडी उद्या नेतो. बास. माझ्या धुन्यानं गाड्या गंजतात हे त्यांना आनि मला, दोघांनाच म्हाईत व्हतं. गप बसलो असतो तरी चाललं असतं, हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. पंप बंद करायचा, नळाच्या पान्याची टाकी बसवायची, कोनाला कळनार व्हतं?

घरी मंडळीला सांगितलं. ती मासळी विकते, अलिबागच्या बाजारात बसते. ती बोलली, माझी सुरमई नरम निघाली तर बाई दुसऱ्या दिवशी घेऊन येते, मी तिला बोलते का की हवा खराब व्हती? बदलून देते. तू पन दे. एवढंच बोलली आनि भात वाढला.

मग सांगायला लागलो. गाडी आली की पहिलं सांगायचो, बाबा, माझ्या पान्यानं गंजलेय ही, मजुरी न्हाय, फक्त पार्टचे दे. कोन हसले, कोन बोलले जाऊ दे दत्ताभाऊ, आमच्याबी बोरिंगला तेच हाय. नंदू म्हनून एक हाय, बीचवर पावन्यांना फुग्याच्या होडीत बसवून दर्यात ओढत फिरवतो, त्याच्या तीन गाड्या माझ्याकडं. तो लय बोलला, रस्त्यावर उभा राहून बोलला, इतकी वर्सं आमचं धुतलंस ते धुतलंस, वर धुवायचे पैसे घेतलेस. मी खाली मान घालून ऐकलं. बरोबरच व्हतं त्याचं. त्यानं गाड्या नेल्या दुसरीकडं, फिक्स रेटवाल्याकडं. पाऊस लागेपर्यंत असंच चाललं, हात दुखायचे, गल्ला रिकामा, पन झोप कशी छान लागायची. गनपतीला नंदू आमच्या घरी आरतीला आला, प्रसाद घेतला, बोलला, उद्या एक गाडी पाठवतो, बघ जरा. एकच बोलला, आता तिन्ही येतात.

आता पंप काढून टाकलाय. नळाचं पानी सकाळी तासभर येतं, त्याची टाकी भरतो, ओल्या फडक्यानं गाडी पुसतो, बोल्टाला ग्रीस लावतो. गाडी पहिल्यासारखी चमकत न्हाय. म्हनून आता नवीन सवाल, दत्ताराम, चमकवत तर न्हायस, मग सर्व्हिसिंगचे एवढे कसे? विचारू दे. विचारलंच पायजे मानसानं, गुरुजींनी विचारलं नसतं तर मी अजून खारं पानी मारत बसलो असतो.

मागच्या महिन्यात गुरुजी आले व्हते. सायलेन्सर काढायचा व्हता, मी पाना त्यांच्याच हातात दिला, बोललो, फिरवून बघा. त्यांचा हात आता थरथरतो, तरी फिरवला, आनि बोल्ट निघाला हो, लोन्यातून निघावा तसा निघाला. गुरुजी खूष. बोट दाखवून मला बोलले, काय रे, बोल्ट तर मी काढला, मग आज मजुरी कशाची घेणार? मी बोललो, गुरुजी, तुमच्या हातानं निघाला त्याचीच. त्यांनी पाकीट काढलं आनि पूर्न पैसे दिले, एक रुपया कमी केला न्हाय. चला, तुमची गाडी झाली, तुमी पन निघा आता, उजेड हाय तोवर, संभाळून जा, आनि गाडी वाळूत घालू नका.