पिट्टगुडा कुणाला सांगू नका

(मलकपेठ, हैदराबाद. १९९८ सालचा मे, दुपारची वेळ. कूलर चालू आहे, म्हणजे आवाज येतो आहे.)

तारामती : पाच किलो पोहे कोण खाणार आहे, तेवढं सांगा. मग भाजते.

हिम्मतराव : थोडे जास्त असलेले बरे. प्रवासात भूक लागते.

तारामती : आपण दोघं जाऊ लालो, आठ दिवस. पाच किलोचा चिवडा दोघांनी संपवला तर परत येताना आपल्याला मालगाडीत चढवावं लागेल.

हिम्मतराव : तू खामखा खोलात जातेस, तारा.

तारामती : परवा तुम्ही किलोभर म्हणलात. काल दोन. आज पाच. ही भूक नाही, ही माणसं आहेत. कोण येऊ लालंय?

हिम्मतराव : कोणी नाही. सुरेश फक्त.

तारामती : सुरेशभावजी एकटे?

हिम्मतराव : एकटा कसा येईल? बायको, पोरं. आणि त्याची सासू. गुडघ्यांमुळं तिला कुठंच नेत नाहीत बिचारीला.

तारामती : म्हणून डोंगरावर नेऊ लालेत.

हिम्मतराव : हवापालट होईल तेवढाच.

तारामती : अहो, पिट्टगुड्याला जायचं आपण कशासाठी ठरवलं होतं? तुम्हीच सांगा. मी विसरले असेन.

हिम्मतराव : विश्रांतीसाठी.

तारामती : नक्को. नीट सांगा.

हिम्मतराव : आपल्या ओळखीचं कोणी नाही अशा जागी एकदा जायचं म्हणून.

तारामती : रेल्वेचा पास आहे तुमच्याकडं. लोक म्हणतात, तारामतीबाईंनी अख्खा हिंदुस्थान पाहिला. काय पाहिलं मी? भुसावळला तुमच्या मामांचं स्वयंपाकघर. नागपूरला तुमच्या बहिणीचं. मद्रासला चुलत भावाचं. मद्रासचा समुद्र कोणत्या बाजूला आहे ते मला माहीत नाही, पण त्या घरात हिंगाची डबी कुठं असते ते डोळे झाकून सांगीन. लग्न झाल्यावर म्हैसूरला नेलंत, तर संगं आत्याबाई आणि त्यांचा नातू.

हिम्मतराव : आत्यानं म्हैसूर पाहिलेलं नव्हतं.

तारामती : मीबी नव्हतं पाहिलं. अजूनबी नाही. मी त्या नातवाला मऊ भात भरवत होते.

हिम्मतराव : आता जुन्या बाता कशाला?

तारामती : नव्या सांगते. जुलैत तुम्ही रिटायर. त्यानंतर आपण भालकीला, तुमच्या भावांच्या भरल्या घरात. मला ते घर नको आहे असं नाही. जावा चांगल्या आहेत. पण तिथं घटकाभर एकटं बसायचं तर न्हाणीघरातच बसावं लागतं, आणि तिथंबी दार वाजवतात. म्हणून म्हणलं, त्याच्या आधी एकदा. आठ दिवस. कोणी वहिनी म्हणणार नाही, कोणी काकू म्हणणार नाही. हे मागणं जास्त झालं का?

हिम्मतराव : कोण म्हणतं जास्त झालं? सुरेशनं विचारलं, कुठं चाललात. मग खोटं बोलू?

तारामती : सुरेशभावजी तिकडं त्यांच्या स्टेशनावर मास्तर. तुम्हाला कुठं भेटले?

हिम्मतराव : फोनवर.

तारामती : कोणत्या फोनवर?

हिम्मतराव : ऑफिसच्या.

तारामती : ऑफिसच्या म्हणजे तुमच्या त्या कंट्रोलच्या?

हिम्मतराव : सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. अशा दिवशी कंट्रोलरला काम नसतं.

तारामती : तुम्ही इथून एका मास्तरशी बोललात की लाइनीवरचे सगळे मास्तर कानाला लावून ऐकतात, तोच ना तो फोन? तुम्हीच सांगितलंय मला. एकच तार, आणि सिकंदराबादपासून सगळी स्टेशनं तिच्यावर.

हिम्मतराव : मी हल्लू आवाजात बोललो.

तारामती : हल्लू.

हिम्मतराव : आणि शेवटी सगळ्यांना ताकीद दिली, ही बात कोणाला सांगू नका.

तारामती : सगळ्यांना?

हिम्मतराव : ऐकत सगळे होते ना. एकट्या सुरेशला ताकीद देऊन काय फायदा?

तारामती : मग?

हिम्मतराव : मग एकेकानं विचारलं, तिथल्या रेस्ट हाऊसला खोल्या किती.

तारामती : किती आहेत?

हिम्मतराव : दोन.

तारामती : आणि माणसं?

हिम्मतराव : पास सगळ्यांकडंच आहे, तारा. बाहेरचा माणूस असता तर म्हणलो असतो, तिकिटं मिळत नाहीत. रेल्वेवाल्याला काय कारण सांगायचं? थांब, फोन वाजला. हलो. हौ, बोल सुरेश. गाद्या? गाद्या नाहीत तिथं. तुमच्या घेऊन या. वहिनी? वहिनी एकदम खुशीत आहेत. हौ, पोहेच भाजू लाल्यात. कोण, प्रतापराव? त्यांना कोणी सांगितलं? बरं. त्यांचा स्टोव्ह मोठा आहे म्हणतात, तर येऊ दे त्यांना. ठेवतो.

तारामती : मी खुशीत आहे?

हिम्मतराव : फोनवर काय सांगायचं?

तारामती : खरं सांगायचं. आणि ह्या फोनवर नाही, त्या कंट्रोलच्या. अख्ख्या लाइनीला एकदम कळलं असतं.

अनिल : काका, येऊ का? दार उघडंच होतं. काकू, मी जरा डिस्टर्ब्ड आहे.

तारामती : या अनिलराव. वरच्या मजल्यावर, आमच्याच डोक्यावर राहता, तुम्हाला काय झालं?

हिम्मतराव : कूलरपुढं बसा. पुण्याच्या माणसाला इथला मे सोसत नाही.

अनिल : उन्हाचं काही नाही हो. पिट्टगुड्याचं ऐकलंत का? तिथे म्हणे यंदा गर्दी होणार आहे.

हिम्मतराव : तुम्हाला पिट्टगुडा कसं माहीत?

अनिल : म्हणजे काय, आम्हीही येतोय ना! आमची बायको, प्राजक्ता, बोलली नाही? सरप्राइज द्यायचं असेल तिला. काका, खरं सांगतो, मला टुरिस्ट लोकांचा तिटकारा आहे. महाबळेश्वर संपलं. माथेरान संपलं. आता केबल टीव्हीवर पाहून कोणीही उठतो आणि कुठेही जातो. एक जागा शिल्लक होती, एकदम ऑफबीट, जिथे दिवसातून एकच गाडी जाते. तीही आता घालवणार. आपल्या लोकांना एखादी गोष्ट स्वतःपाशी ठेवताच येत नाही.

तारामती : तुम्ही कोणाला सांगितलंत?

अनिल : मी? छे! आमच्या ग्रुपला फक्त एक ई-मेल केली.

हिम्मतराव : ती कम्प्यूटरवरची चिठ्ठी ना? किती जण वाचतात ती?

अनिल : ज्यांना पाठवली तेवढेच. असतील चाळीस-पन्नास.

तारामती : आमच्या ह्यांच्यापेक्षा लांब लाइन आहे तुमची.

अनिल : पण मी वर स्वच्छ लिहिलं होतं काकू, 'कृपया पुढे पाठवू नये'.

हिम्मतराव : मीबी म्हणलं होतं. ऐकत नाहीत लोक.

अनिल : नाहीच ऐकत! आता आमच्या बॉसच्या हातात पडली ती. त्यानं अख्ख्या ऑफिससाठी लक्झरी बस ठरवली. माधापूरच्या नव्या बिल्डिंगमध्ये जायच्या आधी सगळ्यांनी एकत्र यावं म्हणे. टी-शर्ट छापायला दिलेत. पिवळे.

हिम्मतराव : जंगलात बरे. चुकलं माणूस तर सापडतं.

अनिल : काका, मी तिथे शांतता अनुभवायला चाललो होतो.

हिम्मतराव : पण मला एक समजत नाही. मी सांगितलं रेल्वेत. तुम्ही सॉफ्टवेअरवाले. तुमच्यापर्यंत आलं कसं?

अनिल : काकूंकडूनच की. गच्चीवर पापड वाळत घालताना प्राजक्ताला सांगितलं त्यांनी.

हिम्मतराव : तारा?

तारामती : हौ. सांगितलं.

हिम्मतराव : आणि माझी कधीपासून उलटतपासणी लावलीस पोह्यांवरून!

तारामती : तुम्ही लाइनभर सांगितलं. मी एका बाईला सांगितलं.

अनिल : आणि मंडळात.

तारामती : अनिलराव, तुम्हाला पाणी हवंय का?

हिम्मतराव : मंडळात? नारायणगुड्याच्या महिला मंडळात?

तारामती : तुम्हाला काय माहीत तिथं काय होतं. मे लागला की बायका गोल करून बसतात. सुट्टीत तुम्ही कुठं, तुम्ही कुठं. पूर्वी बरं होतं, सगळ्या आपापल्या माहेरी जायच्या. आता पद्मावतीबाई सिंगापूर म्हणतात. कोणी नैनिताल म्हणतं. माझ्यावर पाळी आली की मी तोंड उघडायच्या आत बायकाच म्हणतात, भालकी! आणि हसतात. वाईट हसत नाहीत, पण हसतात. ह्या वेळी मी म्हणलं, पिट्टगुडा. कोणाला माहीतच नव्हतं. कुठं आलं, कसं जायचं, काय आहे तिथं? मी सांगू लाले आणि सगळ्या पुढं सरकल्या. सावित्रीबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. सिंगापूरला नव्हता ठेवला.

हिम्मतराव : अगं, पण कोणाला माहीत नाही म्हणूनच तर आपण ती जागा...

तारामती : कळतंय मला. कोणाला माहीत नसलेल्या जागी जायचं, आणि ते कोणाला सांगायचंबी नाही. मग गेलो काय, न गेलो काय?

अनिल : एक्झॅक्टली! माझ्या ई-मेलमागे हीच भूमिका होती.

तारामती : तुम्ही गप बसा.

हिम्मतराव : मंडळातून कोण कोण येऊ लालंय?

तारामती : सिंगापूरवाल्या सोडून सगळ्या.

हिम्मतराव : या अल्ला! दोन खोल्या, तारा. आणि एक नळ.

तारामती : स्वयंपाकाला कोण आहे तिथं?

हिम्मतराव : कोणी नाही. चौकीदार आहे, तो लाकडं आणून देतो.

तारामती : मग ही सगळी वरात जेवणार काय?

हिम्मतराव : आता तू रागावशील.

तारामती : बोला.

हिम्मतराव : सगळे म्हणू लालेत, तारावहिनी आहेत, जेवणाची फिकीर नाही.

अनिल : हो, आमच्या बॉसलाही मी... म्हणजे, तुमच्या हातच्या खट्ट्या दाळीबद्दल मी त्या मेलमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या, काकू. कौतुकानं.

तारामती : बास.

हिम्मतराव : तारा, रडतेस का?

तारामती : मिरच्या तळल्यात आत्ता. त्याचा ठसका आहे.

हिम्मतराव : कॅन्सल करू. सगळ्यांना कळवतो, आमचं रद्द.

तारामती : केलं रद्द, की तुमचे भाऊ म्हणतील, मग आत्तापासूनच या. जुलैपर्यंत कशाला थांबता? मी ओळखून आहे.

हिम्मतराव : मग काय करायचं तू सांग. तू म्हणशील ते.

तारामती : तुमचा पास विशाखापट्टणमवरून पुढचा ना? मधे उतरता येतं का?

हिम्मतराव : ब्रेक जर्नी? येतं की. पण मधे कशाला उतरायचं? मधे काही नाही.

तारामती : काहीच नाही असं कोणतं स्टेशन आहे?

हिम्मतराव : भरपूर आहेत. एक तर असं आहे, फलाटावर एक बाक आणि एक चिंचेचं झाड. एक्स्प्रेस थांबत नाही. पॅसेंजर थांबते, ती का थांबते ते अजून कोणाला समजलं नाही. इंग्रजांनी एक खोली बांधून ठेवलीय उतारूंसाठी. उतारू आलाच नाही.

तारामती : बघण्यासारखं?

हिम्मतराव : काहीच नाही. भाताची शेतं, तीबी मे महिन्यात कापलेली.

तारामती : देऊळ?

हिम्मतराव : देऊळबी नाही. गावातले लोक दुसऱ्या गावच्या देवाला जातात.

तारामती : आपलं कोणी?

हिम्मतराव : तिथं कोणाचंच कोणी नाही.

तारामती : आणि मास्तर? तो तुमच्या तारेवर आहे?

हिम्मतराव : नाही, ती डिव्हिजन वेगळी. भला माणूस आहे, बोलत मात्र नाही. स्वतःपुरता भात लावतो, वर लोणचं. म्हणलं तर आपल्यालाबी लावेल. पण रोज तेच. चालेल तुला?

तारामती : दुसऱ्याच्या हातचं आहे ना?

हिम्मतराव : हौ.

तारामती : चालेल.

अनिल : वॉव. काका, हे खरं ऑफबीट! कुठलं स्टेशन हे?

हिम्मतराव : ते ना, राजमहेंद्रीच्या अलीकडं...

तारामती : अहो.

हिम्मतराव : ...कुठंतरी. नाव आठवत नाही.

अनिल : असं कसं? तुम्हाला तर सगळी स्टेशनं पाठ आहेत, दोन्ही बाजूंनी.

हिम्मतराव : वय झालं, अनिलराव. सरकार उगीच रिटायर करतं का?

अनिल : मी कोणालाही सांगणार नाही, काका. शप्पथ. फार तर प्राजक्ताला.

तारामती : तुमच्या बसला डबा ठेवायला जागा आहे ना? मोठा डबा. मी संध्याकाळपर्यंत चिवडा करते, वर घेऊन जा. पिट्टगुड्याला सगळ्यांना वाटायचा. रेल्वेवाल्यांना, मंडळाला, पिवळ्या शर्टांना. कोणाला कमी पडू द्यायचा नाही.

अनिल : पण तुम्ही नाही आलात तर लोक तिथे तुमची वाट बघत बसतील.

तारामती : म्हणून तर चिवडा. वाट बघताना तोंड चालू राहील.

अनिल : बरं. येतो मी. काका, नाव आठवलं तर वर एक हाक मारा.

हिम्मतराव : हौ, हौ. जिन्याला सांभाळून.

तारामती : कडी लावा.

हिम्मतराव : लावली. तारा, काय चेहरा झाला त्याचा! आता ऐक, त्या स्टेशनाचं नाव...

तारामती : नक्को.

हिम्मतराव : अगं, तो गेला वर.

तारामती : मलाबी नक्को. परवा मंडळ आहे.

हिम्मतराव : मग तुला कळणार कसं?

तारामती : गाडी थांबली की नुसतं 'उतर' म्हणा.