भावना संबंधितांपर्यंत पोहोचवल्या आहेत

विषय — जुन्या प्रसूतिगृहाच्या जाहीर सुनावणीचं चित्रण आवाजासह एकदा पाहायला मिळण्याबाबत. संदर्भ — माझा अर्ज आणि त्यानंतरची दोन स्मरणपत्रं. — हो मॅडम, तेच, निळ्या फाईलमधलं. शोधा सावकाश, मला घाई नाही. घाई असलेली माणसं प्रेक्षक-पत्र विभागात येतच नाहीत, ती वरच्या मजल्यावर जाऊन ओरडतात. मी बसतो. ही खुर्ची डावीकडे कलते, म्हणून जरा उजवीकडे बसतो. — मला कसं माहीत? अहो, तुम्ही बसलात ना, त्याच टेबलाशी मी बसायचो, निवृत्त होईपर्यंत. तो खालचा खण लाथ मारल्याशिवाय उघडत नाही — अशी नाही, जरा खाली, कोपऱ्यात — बघा. एवढी वर्षं झाली तरी खणाचा स्वभाव बदलला नाही. माणसांचा कुठे बदलतो म्हणा.

आपल्या वाहिनीला पत्रं लिहिणारे लोक कोण असतात, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. दिवसभर सभागृह, समित्या, सुनावण्या, जशाच्या तशा, न कापता — हे बघतं कोण? आजारी माणसं बघतात, एकटी माणसं बघतात, आणि ज्यांचं कोणी घरात ऐकत नाही अशी बघतात. एक निवृत्त मास्तर होते, सभासदांची भाषणं लिहून काढायचे आणि तांबड्या शाईनं तपासून आम्हाला पाठवायचे, खाली शेरा — ‘प्रगती नाही’. एका बाईंनी लिहिलं होतं, उजवीकडचे ते टक्कल असलेले सभासद गेलं अधिवेशनभर हललेले नाहीत, कृपया कोणीतरी जवळ जाऊन बघावं. — हसा, हसा, मीही हसलो होतो. आणि उत्तर काय द्यायचं? सगळ्यांना एकच. ‘आपल्या भावना संबंधितांपर्यंत पोहोचवल्या आहेत.’ ते वाक्य माझं, मॅडम. तुम्ही अजून तेच पाठवता ना? मलाही तेच आलं. पहिल्या स्मरणपत्राच्या उत्तरात. वाचून बरं वाटलं, म्हटलं आपलं काहीतरी टिकलं जगात. आणि दुसरा नियमही माझाच — सही नसलेल्या पत्रावर कारवाई करायची नाही, बाजूच्या गठ्ठ्यात टाकायचं. लोक चार-चार पानं लिहितात, जीव ओततात आणि सही करत नाहीत. का करत नाहीत? मला वाटायचं विसरतात.

आमच्या वेळी टीव्ही तिथे होता. कपाटावर. तुम्ही आता तिथे कुंडी ठेवलीय. दिवसभर आपलीच वाहिनी चालू, आणि आवाज बंद. हेडक्लार्कांचा हुकूम — ‘हे सगळे काय बोलतात ते ऐकत बसलो, तर लोक काय लिहितात ते वाचणार कोण?’ रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड, आणि पिशवी त्यांच्या कुलपाच्या खणात. तेव्हा आम्ही सगळा कारभार मुका बघितला. कायदे झाले, सरकारं पडली, आम्ही आपले तोंडं हलताना बघत पाकिटं चिकटवतोय. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. वाहिनीत काम करतो म्हणजे वाहिनी ऐकत असणारच, असंच कोणीही धरून चालणार. आमच्या हिनंही तेच धरलं.

हिनं म्हणजे माझ्या बायकोनं. — तेच सांगतोय, त्याच सुनावणीचं. जुनं प्रसूतिगृह बंद करायचं की नाही यावर नागरिकांना बोलायला दिलं होतं. सकाळी ही मला म्हणाली, ‘आज सुनावणी दाखवणार ना हो तुमच्याकडे?’ मी म्हटलं, ‘दाखवणारच, दुसरं काय आहे आमच्याकडे दाखवायला.’ एवढंच बोलणं. आणि दुपारी पाकिटावर डिंक लावता लावता मान वर केली, तर पडद्यावर ही! करडी शाल, जी कपाटात जपून ठेवलेली असायची. माईक उंच होता तिला, शिपायानं वाकवून दिला. खाली पट्टीवर नुसतं ‘नागरिक’. हातात घडी केलेला कागद होता, तो तिनं उघडलाच नाही, पर्समध्ये टाकला. बाकी सगळे सभापतींकडे बघून बोलत होते, मॅडम. ही कॅमेऱ्याकडे बघत होती. म्हणजे कुणाकडे? — म्हणजे त्या कपाटाकडून या टेबलाकडे. माझ्याकडे.

आणि बोलली. सावकाश, मधे एकदा थांबून, हातानं असं — एवढंसं — काहीतरी दाखवून. शेजारचे आमचे आवक-जावकवाले म्हणाले, ‘काय बोलतेय हो ही बाई? सभापतींनी चष्मा काढला बघा.’ मी म्हटलं, ‘असेल काहीतरी.’ ही माझी बायको आहे असं — नाही म्हटलं. कसं म्हणणार? लगेच पुढचा प्रश्न आला असता, काय बोलतेय? हेडक्लार्क रजेवर होते, खणाची किल्ली त्यांच्याबरोबर, रिमोट कुठून आणणार? — टीव्हीला बटणं असतात. माहीत आहे मला. स्टूलही तिथेच होतं. डिंकाचा ब्रश हातात होता माझ्या, तो — जाऊ द्या. तिची वेळ संपली, दुसरा कोणी येऊन उभा राहिला.

संध्याकाळी घरी गेलो. दार तिनं मी वाजवायच्या आधी उघडलं. चेहरा असा, की — परीक्षेचा निकाल लागायचा असतो ना, तसा. म्हणाली, ‘लावलेलं होतं ना ऑफिसात?’ मी म्हटलं, ‘लावलेलं असतंच.’ मी चपला काढल्या. मग म्हणाली, ‘मग? आता काय?’ आता यावर माणूस काय म्हणणार? मी म्हटलं, ‘आता काय व्हायचंय? पानं घे, भूक लागलीय.’ मॅडम, ती रडली. रडली आणि हसली, दोन्ही एकदम, पदर तोंडात कोंबून, आणि मग मला वाढलं. मी जेवलो. म्हटलं आज नाही तर उद्या बोलता बोलता निघेल विषय. निघाला नाही. तिच्या लेखी तो संपला होता, आणि माझा सुरूच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळीच बाई. लग्नापासून तिला मधल्या खोलीतला दिवा लावून झोपायची सवय, तो तिनं आपणहून बंद केला. काम करताना गुणगुणायला लागली. माझ्या बनियनला भोक पडलं तरी ओरडली नाही, नवं आणून ठेवलं. मला मूल नाही, तुम्हाला सांगतो — आम्हाला. त्यावरून कधी वर्ष-दोन वर्षांनी घरात एक थंड वारा यायचा, तोही यायचा थांबला. मी म्हटलं बरंय. चाललंय ते चांगलं चाललंय, कशाला उकरा.

पण पत्रं यायला लागली ना! एरवी सुनावणीवर पत्रं येतात ती खुर्च्या कमी होत्या, पंखा आवाज करत होता अशी. यावेळी गठ्ठा. मी एकेक फोडतोय, म्हटलं यात तरी असेल, कोणीतरी लिहिलं असेल ती काय बोलली. कोणी लिहीत नाही, मॅडम! सगळ्यांनी ऐकलेलं होतं, ते कशाला पुन्हा सांगतील? ‘करड्या शालीतल्या बाईंना सांगा, तुम्ही एकट्या नाही.’ ‘अशा गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत.’ ‘त्या बाईंच्या नवऱ्याला माझा नमस्कार कळवा, एवढं मोठं मन सगळ्यांना नसतं.’ आणि एक कार्ड होतं, कापऱ्या अक्षरात, त्यावर फक्त दोन शब्द — ‘माझंही तसंच.’ खाली सही नाही. ते नियमाप्रमाणे बाजूच्या गठ्ठ्यात टाकायला हवं होतं. नाही टाकलं. बाकी सगळ्यांना उत्तरं गेली, माझ्या हातची. आपल्या भावना संबंधितांपर्यंत पोहोचवल्या आहेत. उभ्या नोकरीत ते वाक्य तेवढ्या वेळेला पूर्णपणे खरं होतं.

— इतिवृत्त? बघितलं की. तुम्हाला काय वाटलं, मी बघितलं नसेल? ‘एका महिला नागरिकाने स्वानुभव कथन केला. समितीने नोंद घेतली.’ ज्यानं लिहिलं तो माझ्यासारखाच कोणी असणार. व्यवस्थित माणूस.

मग दर वर्षी एका ठरावीक सकाळी ती म्हणायची, ‘येता?’ आधी म्हणे ती एकटीच जायची, मला कळायचंसुद्धा नाही. आता मला न्यायला लागली. प्रसूतिगृहाच्या मागच्या भिंतीपाशी. ते बंदच झालं होतं, नुसती भिंत आणि पत्रा ठोकलेलं फाटक. तिथे ती उभी राहायची आणि मी तिच्या शेजारी. ती माझा हात धरायची. मीही मान खाली घालून उभा. कशासाठी उभा आहे, कुणासाठी — हे विचारायची सोय नव्हती हो. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर विचारलं असतं. तिसऱ्या वर्षी कसं विचारणार? एकदा तिथून निघताना म्हणाली, ‘आज केवढं झालं असतं, नाही?’ मी म्हटलं, ‘हो ना.’ केवढं झालं असतं! आणि मी म्हटलं, हो ना.

गेल्या वर्षी गेली ती. जायच्या आधी, शुद्धीत होती, मला जवळ बोलावून म्हणाली, ‘तुम्ही एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाहीत. दुसरा कोणी असता तर मला घराबाहेर काढलं असतं.’ मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. दुसरं काय करणार? देवमाणूस म्हणून गेली हो ती मला, पोरी — माफ करा, मॅडम. मी तिला माफ केलं, एवढं नक्की आहे. कशाबद्दल केलं, हे मला कळायला नको? का माफ करण्यासारखं काही नव्हतंच, आणि ती उगाच — ते तरी कळायला नको?

यंदा त्या सकाळी एकटाच गेलो. तिथे आता गाड्या उभ्या करतात. पहारेकरी आला, चांगला होता बिचारा, म्हणाला, ‘आजोबा, कुणाची वाट बघताय?’ आणि मॅडम, मला सांगता येईना. घरी आलो आणि अर्ज लिहिला. त्यात तुमची ती सूचना वाचली, महिनाअखेरीला गोदाम रिकामं होणार, जुन्या टेपा निकाली काढणार, म्हणून लगोलग स्मरणपत्रं. कारण ती टेप गेली की संपलं. दुसरीकडे कुठेही नाही ते.

— काय म्हणालात? सही? कुठे नाही? दाखवा. — खरंच की. आणि स्मरणपत्रावर? — दोन्हींवर? आणि तरी मला उत्तर पाठवलंत? कमाल आहे. माझ्या हातून असं — नाही, पेन नको, मला माझ्याच पेनाची सवय आहे. — हे खिशाला लावलेलं? याची शाई संपलीय.

— सापडली? टेप? तुमच्याकडेच आहे, खणात? — म्हणजे मी सही केली की आत्ता, इथे? कानाला ते हेडफोन लावून?

मॅडम, थांबा जरा. टेप बरोबर आहे की नाही, हे कोणीतरी तपासलं असेल ना. तुम्हीच तपासलंत? आवाजासह? — चष्मा का काढलात तुम्ही? नको. नको, काही सांगू नका. एक शब्द नको. चष्मा लावा आधी.

नियम तो नियम. सही नाही, कारवाई नाही. निळ्या फाईलमधून काढा आणि बाजूच्या गठ्ठ्यात ठेवा. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे, त्याआधी मी येऊन जाईन. येईन म्हणजे — बघू. तो खण बंद करताना लाथ मारू नका, आपोआप लागतो. शेरा लिहा, मी सांगतो तसा. अर्जदार समक्ष हजर होता. अर्जावर सही नाही. अर्ज प्रलंबित.