कानाने लावलेली गाडी

गॅरेजच्या बाकावर आपल्या स्कूटरची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारचं बोलणं पडलं. मेकॅनिक एका बाईंना त्यांच्या जुन्या मोटारीचा काजळीने माखलेला प्लग दाखवत होता.

"ताई, इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातंय, म्हणून हा काळा धूर. कार्बोरेटरला हात कुणी लावला?"

"बाबांनी. काल तासभर बॉनेट उघडून उभे होते."

"उस्तादांनी? अहो, मला हे काम त्यांनीच शिकवलं. नुसता आवाज ऐकून स्क्रू अचूक लावायचे."

"कालही तसाच लावला."

"राग मानू नका, पण इंजिन एवढं अडखळतंय. त्यांना नीट ऐकू येतं ना?"

"म्हणजे?"

"हाक मारली की ओ देतात?"

"नाही देत. आई गेल्यापासून काहीही विचारलं तरी नुसती मान हलवतात. मला वाटलं, माझं बोलणंच त्यांना नकोसं झालंय."

"मग?"

"मग मीही बोलणं टाकलं. सहा महिने झाले."

मेकॅनिकने हातातला प्लग खाली ठेवला.

"दादा, किल्ली इथेच ठेवते."

"थांबा की ताई, अर्ध्या तासात लावून देतो."

"नको, मी चालत जाते. ते घरी एकटेच आहेत."